सुलकाटाला गॅलरी पुरत नाही

काळेवाडीत घरं किती दाटीवाटीची आहेत, हे मी तुम्हाला काय सांगणार? दोन खोल्या, एक गॅलरी, आणि तीही कपडे वाळत घालायला. मुलाच्या हट्टापायी अशा घरात सुलकाटा कासवाचं पिल्लू आणायचा विचार असेल, तर आधी माझं ऐका.

आणताना ते तळहातावर मावतं. पण हे सहाराच्या दक्षिण कडेचं, जमिनीवरचं कासव. पूर्ण वाढलं की वजन ४०-५० किलोंच्याही पुढे जातं, आणि ते सत्तरी सहज गाठू शकतं. चौथीतल्या मुलासाठी आणलेलं कासव त्याच्या नातवंडांच्या गळ्यात पडायचं! त्याला रानात खोल बीळ खणायची सवय, गवत हे त्याचं खाणं. आपल्याकडे त्याला फरशी मिळते आणि दूध-पोळी.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आठवडेच्या आठवडे ऊन नाही. एरवीही खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, कारण कवच-हाडं घडवायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. ओल्या, गार फरशीवर कासव गळाठतं. नाकाशी बुडबुडे दिसले, मान ताणून तोंडानं श्वास घ्यायला लागलं, की समजा छाती भरली. आपल्यासारखं श्वासपटल त्याला नसतं, म्हणून खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

कायद्याचंही सांगतो. सुलकाटासारख्या परदेशी प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आणि पाठीवर चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव तर घरात ठेवायचंच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. लक्ष्मी येते म्हणून कुणी आणून दिलं, तरी गुन्हा तो गुन्हाच.

मला सगळ्यात जास्त कळवळा येतो तो पवना नदीत सोडलेल्या कासवांचा. सोडणाऱ्याला वाटतं, पुण्य केलं. अहो, जमिनीवरच्या कासवाचे पाय खांबासारखे असतात, पोहायचे नव्हेत. जलपर्णीखाली ते बुडून मरतं. सांभाळणं जमत नसेल तर नदीकडे नेऊ नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि माणसं येईपर्यंत त्याला कोरड्या, उबदार जागी ठेवा.