नवलनगरीतील पंगत आणि वाढपी



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, विज्ञानावर बोलणारी विद्वान मंडळी आपण ऐकत आला आहात. आमचे शिक्षण बरेचसे शाळेच्या भिंतीबाहेर झाले. मोफत वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि मालकांशी चाललेल्या वाटाघाटींत जे पदरात पडले, तेवढीच आमची पुंजी. हॉटेले, खानावळी आणि कारखान्यांची कँटीने यांतील कामगारांत आमची हयात गेली. त्यामुळे कोणतीही मोठी इमारत पाहिली की तिच्या दर्शनी कमानीपेक्षा तिचे मुदपाकखान्याचे दार कोठे आहे, याकडे आमचे लक्ष आधी जाते. आज आम्ही आपल्याला अशाच एका मुदपाकखान्याच्या दारातून आत नेणार आहोत. विषय आहे थीम पार्कमधील खाणेपिणे आणि ते गेल्या नव्वद वर्षांत कसे बदलत गेले.

थीम पार्क म्हणजे काय, हे येथील मुलांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे. आपल्या जत्रेत पाळणे असतात, भजी असतात, पिपाण्या असतात. पण जत्रा चार दिवसांची आणि तिला कोणी एक मालक नसतो. थीम पार्क ही बारमाही जत्रा. तिला कुंपण असते, तिकीट असते, एकच मालक असतो आणि आतील रस्ता, घर, गाणे, पोशाख, पदार्थ, सारे एखाद्या कथेला धरून रचलेले असते. म्हणून आम्ही तिला नवलनगरी म्हणतो. मुलांचा आनंद हिरावून घेण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. श्रमणाऱ्या माणसालाही करमणूक हवी. आठ तासांच्या कामासाठी झालेले लढे काही केवळ झोपेसाठी झाले नव्हते. पण ज्या पंगतीत आपण बसतो ती कोण मांडतो आणि तिचा हिशेब कोण ठेवतो, हे समजून घेण्यास हरकत नसावी.

'आधी पोटोबा, मग विठोबा' असे आपण म्हणतो. अमेरिकेतील एका थीम पार्कचा जन्म अगदी या म्हणीबरहुकूम झाला आहे. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसपासून जवळ ब्यूना पार्क नावाचे गाव आहे. तेथे वॉल्टर नॉट नावाचा फळे पिकवणारा शेतकरी होता. बॉयझेनबेरी नावाचे टपोरे, गडद रंगाचे फळ त्याने बाजारात आणले. 1934 साल जागतिक मंदीचे. फळांच्या विक्रीवर भागेना, म्हणून त्याची पत्नी कॉर्डेलिया हिने कोंबडीचे जेवण वाढण्यास सुरुवात केली. पहिल्या रात्री तिने आठ ताटे वाढली, तीही लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या भांड्यांतून. ताटाचा दर 65 सेंट. जेवण चांगले होते, दर परवडणारा होता; पुढे गिऱ्हाइकांच्या रांगा लागू लागल्या. तिष्ठत बसलेल्या या मंडळींना काही विरंगुळा हवा, म्हणून नॉटने 1940 पासून जुन्या लाकडी घरांचे एक 'भूतगाव' उभारण्यास आरंभ केला. त्यातून वाढत वाढत मोठे करमणूक केंद्र झाले. भोवती कुंपण पडून प्रवेशाला तिकीट लागले ते 1968 साली. म्हणजे तेथे चौतीस वर्षे जेवण हे मुख्य होते आणि करमणूक ही जेवणाची तोंडी लावणी होती.

तेथून थोड्याच अंतरावर अनाहाइम गावी 17 जुलै 1955 रोजी वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड उघडले. येथे गणित उलटे होते. करमणूक मुख्य, आणि अन्न हे ती उभारण्याचे भांडवल. डिस्ने यांच्याजवळ कल्पना होती, पैसा अपुरा होता. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने भांडवल आणि कर्जाची हमी दिली. मोबदल्यात तिने मालकीचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा तर घेतलाच, पण खाद्यविक्रीचा नफाही दहा वर्षांसाठी करारात लिहून घेतला. मंडळी, हे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या काळी या नवलनगरीच्या यशाबद्दल शंका घेणारे पुष्कळ होते. पण माणूस दिवसभर आत राहिला तर त्याला भूक लागणार, याविषयी मात्र कोणाही सावकाराला शंका नव्हती.

आतील उपाहारगृहांवर पाट्या होत्या त्या मोठमोठ्या खाद्य कंपन्यांच्या. स्विफ्ट ही मांस विकणारी कंपनी, कार्नेशन ही दुधाची, क्वेकर ओट्स ही पिठाची, फ्रिटो ही मक्याच्या चिप्सची. प्रत्येकीने आपले दुकान कथेच्या वेषात सजवले होते. उपाहारगृह ही जेवणाची जागा होती, तशी ती जाहिरातही होती.

उद्घाटनाच्या दिवसाची एक गोष्ट कामगारांनी विसरू नये अशी आहे. त्या सुमारास प्लंबर कामगारांचा संप झालेला होता. पाणी पिण्याचे नळ आणि शौचकूप ही दोन्ही कामे वेळेत पुरी होणे शक्य नव्हते. डिस्ने यांनी शौचकूप निवडले. दिवस कडक उन्हाचा. बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे गर्दी अपेक्षेच्या बाहेर. उपाहारगृहांतील खाणेपिणे संपून गेले आणि पाण्याचे नळ दिसेनात. लोक रागावले. शीतपेये खपावीत म्हणून मुद्दाम नळ ठेवले नाहीत, असेही काही बोलू लागले. तो आरोप खरा नव्हता. पण नळ जोडणारा माणूस चार दिवस कामावर आला नाही, तर परीकथेतील राजवाड्यालाही कोरड पडते, एवढे त्या दिवशी सर्वांना कळले.

दुसरी गोष्ट एका आचाऱ्याची. फ्रिटो कंपनीच्या मेक्सिकन पद्धतीच्या उपाहारगृहाला टॉर्टिला, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, बाहेरच्या एका कारखान्यातून येत. उरलेल्या शिळ्या भाकऱ्या फेकून दिलेल्या पाहून त्या कारखान्याच्या विक्रेत्याने आचाऱ्याला सुचवले की या टाकू नका, तळून विका. अशी हकीकत सांगतात. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या कोणत्याही माउलीला यात नवल वाटणार नाही. पदार्थ खपू लागला, कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या नजरेस आला आणि 1966 साली डोरिटोस या नावाने अमेरिकाभर विक्रीस गेला. त्या अधिकाऱ्याचे नाव लिहिले गेले. कढईपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याचे नाव कोणी सांगत नाही.

1967 साली पुढची पायरी आली. चाच्यांच्या सफरीच्या आत, छताखाली, ब्लू बायू नावाचे उपाहारगृह निघाले. बाहेर भर दुपार असली तरी आत कायमची रात्र, कंदील, आणि शेजारून वाहणाऱ्या पाण्यातून जाणाऱ्या प्रेक्षकांच्या होड्या. येथे ताट हे देखाव्याचा भाग झाले. जेवणारा होडीतील माणसांकडे पाहतो आणि होडीतील माणसे जेवणाऱ्याकडे. 1982 साली फ्लोरिडात एपकॉट उघडले. तेथे एका तळ्याभोवती निरनिराळ्या देशांची दालने उभारली आणि त्या त्या देशाचे जेवण ठेवले. आज अशी अकरा दालने आहेत. त्यांत हिंदुस्थान नाही, तेव्हा आपल्या पुरणपोळीला अजून तेथे जागा मिळायची आहे! वाढण्यासाठी त्या त्या देशाचे तरुण आणले जातात. त्यांना ठरावीक मुदतीचा परवाना मिळावा म्हणून 1990 च्या अमेरिकन कायद्यात एक वेगळा वर्गच निर्माण झाला. पदार्थ अस्सल हवा, वाढपीही अस्सल हवा. पण मुदत संपली की त्याने आपल्या गावी परतावे.

2010 साली युनिव्हर्सल कंपनीने ऑर्लँडो येथे हॅरी पॉटरची नगरी उघडली आणि कादंबरीतील मुले पितात ते बटरबिअर प्रत्यक्षात विकण्यास ठेवले. आता पदार्थ कथेच्या शेजारी राहिला नाही. तो कथेच्या पोटातून निघाला. गिऱ्हाईक तहान भागवण्यासाठी पेला घेत नाही, पुस्तकात शिरण्यासाठी घेते. 2017 पासून डिस्नेच्या उद्यानांत मोबाइलवरून जेवण मागवण्याची सोय सुरू झाली आणि महामारीनंतर ती सर्रास झाली. रांग कमी झाली, हा गिऱ्हाइकाचा फायदा खराच. पण "काय देऊ?" असे विचारणारा खिडकीतील माणूसही त्याबरोबर मागे सरला.

आता दराकडे पाहू. 1955 साली डिस्नेलँडचा प्रवेश एक डॉलर होता. महागाईचा हिशेब केला तर तो आजचे सुमारे 12 डॉलर. खेळांची तिकिटे वेगळी, दहा सेंटांपासून पस्तीस सेंटांपर्यंत. 1982 साली खेळांची वेगळी तिकिटे बंद झाली आणि एकाच तिकिटात सारे खेळ आले. खेळांचे पैसे दारातच घेतले गेल्यावर आत आलेल्या माणसाच्या खिशातून आणखी काही काढावयाचे, तर ते खाण्यातून आणि खेळण्यांतून. पदार्थ सजू लागले, त्यांचे उत्सव होऊ लागले, यामागे हा साधा हिशेब आहे असे आम्हांस वाटते. 2024 साली गर्दीच्या दिवसाचे एका दिवसाचे तिकीट 206 डॉलरवर गेले. कॉर्डेलियाबाईंचे 65 सेंटांचे ताट कोठे आणि हे कोठे!

ताटाची गोष्ट येथवर. आता वाढप्याची. या नगरीत कामगाराला कामगार म्हणत नाहीत, नाटकातील पात्र म्हणतात. गणवेशाला रंगभूमीवरील वेष म्हणतात. आपल्याकडील मालक आम्हांला "आपण सारे एक कुटुंब" असे सांगतात, त्यातलाच हा प्रकार. 1971 साली उघडलेल्या फ्लोरिडातील उद्यानाखाली तर कामगारांच्या ये-जा करण्यासाठी आणि मालाच्या वाहतुकीसाठी बोगदेच आहेत. हेतू असा की परीकथा पाहणाऱ्याच्या नजरेस कष्ट पडू नयेत.

पण कष्ट बोगद्यात राहत नाहीत. 1984 साली डिस्नेलँडमध्ये वेतन दोन वर्षे गोठवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पाच युनियनांचे सुमारे 1,800 कामगार संपावर गेले. त्यांत हॉटेल-कामगार होते, पाव आणि मिठाई करणारे होते. संप 22 दिवस चालला. उद्यान बंद पडले नाही. व्यवस्थापकांनी आणि बदली माणसांनी ते चालवले. अखेर वेतनगोठवणीची अट कामगारांना बहुतांशी मान्य करावी लागली. संपाचा असा शेवट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या बाविसाव्या रात्रीची चव वेगळी सांगावयास नको.

2018 साली कामगार संघटनांच्या पुढाकाराने डिस्नेलँडच्या सुमारे 5,000 कामगारांची पाहणी झाली. ती ऑक्सिडेंटल कॉलेजच्या आणि एका संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी केली. कंपनीने ती एकतर्फी ठरवली, हेही सांगितले पाहिजे. दर शंभरांतील 73 जणांनी सांगितले की महिन्याचा मूलभूत खर्च पगारात भागत नाही. दहांतील एकाहून थोड्या अधिक जणांवर मागील दोन वर्षांत बेघर होण्याची पाळी आली होती. आणि दोन तृतीयांशांहून अधिक कामगारांना पोटभर, पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. आमचे सारे व्याख्यान या एका वाक्यासाठी आहे. जेथे पदार्थाला चाच्यांचा, जादूगाराचा, दूरदेशीचा साज चढवण्यासाठी एवढी बुद्धी खर्च होते, त्या नगरीतील बहुसंख्य कामगारांना आपल्या घरच्या जेवणाची खात्री नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अनाहाइमच्या मतदारांनी एक ठराव मंजूर केला. शहराच्या तिजोरीतून सवलत घेणाऱ्या करमणूक आणि हॉटेल व्यवसायांनी 2019 पासून ताशी किमान 15 डॉलर द्यावेत आणि तो दर वर्षाला एकेक डॉलरने 18 पर्यंत न्यावा. कंपनीचे म्हणणे, आम्ही अशी सवलत घेतच नाही. कामगार न्यायालयात गेले; 2023 साली अपील न्यायालयाने निकाल कामगारांच्या बाजूने दिला आणि 2024 च्या अखेरीस 23 कोटी 30 लाख डॉलरांची तडजोड झाली. मतपेटी, संघटना आणि कोर्ट अशा तिन्ही वाटा चालाव्या लागल्या, आणि त्याला सहा वर्षे लागली. मध्ये 2020 ची महामारी आली. डिस्नेने आपल्या उद्यान विभागातून 28,000 माणसे कमी करीत असल्याचे जाहीर केले, त्यांत बहुतेक अर्धवेळ होती.

हे सारे सातासमुद्रापारचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. कुंपणाच्या आतील अन्नपाण्यावर हुकमत कोणाची, हा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. सिनेमागृहांत बाहेरचे खाद्य नेऊ द्यावे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने 3 जानेवारी 2023 रोजी निर्णय दिला. बाहेरचे खाद्य अडवण्याचा मालकाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य दिलेच पाहिजे, असे सांगितले. अनाहाइमच्या त्या कोरड्या नळांची आठवण यावी, असाच हा निकाल आहे.

आणि कामगाराच्या ताटाविषयी आपल्या कायद्याने एक चांगली वाट दाखवली होती. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 46 व्या कलमाने, 250 हून अधिक कामगार असतील तेथे कँटीनची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि कँटीनच्या कारभारात कामगार-प्रतिनिधींना स्थान दिले. 2020 साली मंजूर झालेल्या संहितेत ही संख्या 100 वर आली, आणि तीत ठेकेदाराची माणसेही धरली आहेत. कायद्याचे शब्द चांगले आहेत. पण कँटीनमध्ये वाढणारा पोरगा स्वतः केव्हा जेवतो, हे कोणत्याही संहितेत लिहिलेले आम्हांला आढळत नाही. अनेक ठिकाणी तो शेवटच्या पाळीची भांडी घासून झाल्यावर, उरले असेल ते, उभ्या उभ्या खातो.

तेव्हा मंडळी, सुट्टीत आपण मुलाबाळांना घेऊन अशा नगरीत जाल, तर जरूर जा. पाळण्यात बसा, आईस्क्रीम खा. पाण्याचा नळ कोठे आहे ते विचारा. तो आपला हक्क आहे. आणि ताट आणून ठेवणाऱ्याला, त्याला वाईट वाटणार नाही अशा बेताने, "तुमचे जेवण झाले का?" एवढे विचारा. आपल्या घरी पंगत उठली की वाढणाऱ्यांना आग्रहाने बसवण्याची रीत आहे. ती रीत पगारपत्रकात आणि कामाच्या वेळापत्रकात उतरवावी, एवढीच आमच्या युनियनची जन्मभराची मागणी आहे.