फराळाचं ताट आणि आपलं पोट

दिवाळीत खरी पंचाईत लाडवाची नसते, आग्रहाची असते. चार घरी जायचं, प्रत्येक घरी भरलेली बशी पुढ्यात येते आणि वर दुपारचं जेवण ठरलेलंच. फराळ आपण हिशेबात धरतच नाही!

एक ग्रॅम तुपा-तेलातून 9 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम साखरेतून 4. म्हणजे गोड टाळून चकली-शेवेवर ताव मारणाऱ्यांनी फार समाधान मानू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. शेव, चिवडा, चकली यांत ते नकळत बरंच जातं, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी इथेच हात आखडावा.

करतानाही पुष्कळ साधतं. तेल पुरेसं तापलं नसेल तर चकली तेल पिते. पातळ पोहे कोरडे भाजून बेताच्या फोडणीत परतले की चिवडा हलका होतो. तळलेल्या पोह्यांचा तसा होत नाही. बेसनाच्या लाडवात मात्र तुपाची कंजुषी करू नका, त्यापेक्षा लाडू लहान वळा. आणि सकाळी फराळ पोटभर झाला असेल, तर दुपारी ताक, कोशिंबीर, थोडा वरण-भात पुरे.

मधुमेहींना एक विनंती. आज गोड खायचंय म्हणून मनानेच जास्तीची गोळी घेऊ नका, जेवणही चुकवू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.