माळ्यावरचं विमान

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



२००० साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आपल्या विंगची लिफ्ट सुरू झालेली नव्हती. चौथ्या मजल्यावर सामान चढवताना हमालाने विचारलं, “साहेब, एवढ्या लांबड्या खोक्यात आहे काय? वजन तर काहीच नाही.” मी म्हटलं, “ठेव माळ्यावर.” ते खोकं २२ वर्षं माळ्यावर होतं. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी आमच्या सौ. विचारायच्या, “हे ठेवायचंय का?” आणि मी दरवर्षी म्हणायचो, “राहू दे.” का राहू दे, ते मी त्यांनाही धड सांगितलं नव्हतं. आज सांगणार आहे.

खोक्यात विमान होतं. रेडिओवर चालणारं, म्हणजे जमिनीवर उभं राहून हातातल्या ट्रान्समीटरने उडवायचं. पंखांची लांबी साधारण पाच फूट. हे खेळणं नव्हे बरं का. खऱ्या विमानाचे सगळे नियम याला लागू असतात. पंखाला उचल मिळायला वेग लागतो, वेग कमी पडला की ते खाली येतं, आणि आत बसलेला पायलट नसल्यामुळे ते चुकलं की चूक थेट तुमचीच.

मला याची गोडी लागली ती कॉलेजात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये. १९७६–७७ ची गोष्ट. तेव्हा रेडिओ सेट परवडणं शक्यच नव्हतं. दोन बारीक तारा हातात धरायच्या, तारांच्या टोकाला विमान, आणि आपण मध्ये उभं राहून गोल गोल फिरायचं. इंधन घरी बनवायचं: इथर, रॉकेल आणि एरंडेल. शर्टाला वास लागायचा. आई दारातूनच म्हणायची, “आधी आंघोळ.”

नोकरी लागल्यावर, पिंपरीला टूलरूममध्ये, चार पैसे साठवून रेडिओ सेट घेतला. परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला गळ घालून तो आणवला होता. बाल्साच्या पातळ फळ्या ब्लेडने कापून, गोंदाने चिकटवून, वर कागद ताणून, त्यावर डोप मारून विमान तयार करायचं. रात्री कामावरून आल्यावर तास-दीड तास. एका विमानाला पाच-सहा महिने सहज लागायचे. आणि ते पडायला तीन सेकंद.

आता त्या काळची एक अडचण समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचे सेट ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचे. प्रत्येक सेटचा चॅनेल ठरलेला, आत एक छोटा क्रिस्टल. एकाच चॅनेलचे दोन सेट एका वेळी सुरू झाले की हवेतल्या विमानाला कुणाचं ऐकायचं ते कळत नाही. ते वेडंवाकडं होतं आणि कोसळतं. म्हणून मैदानावर एक फळी असायची आणि त्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येक चिमट्यावर चॅनेलचा नंबर. ज्याला उडवायचं त्याने आपल्या नंबरचा चिमटा घ्यायचा, अँटेनाला लावायचा, आणि मगच सेट सुरू करायचा. चिमटा फळीवर नसेल तर सेटला हात लावायचा नाही. लहान मुलालाही कळेल असा नियम.

१९९७ चा फेब्रुवारी. रविवार. गावाबाहेरचा माळ. माझ्या एका मित्राचं नवीन विमान हवेत होतं, सहा महिने खपून केलेलं. आमच्या दोघांचा चॅनेल एकच. मी मागे स्कूटरपाशी माझं विमान जोडत होतो. शेपटीचा एक सर्व्हो अडकतोय असं वाटलं. म्हटलं, बघू या जरा. सेटचं बटण दाबलं. दोन, फार तर तीन सेकंद.

वर बघितलं तर त्याचं विमान उलटं होऊन सरळ खाली येत होतं. मी सेट बंद केला, पण तोवर उंची उरली नव्हती. जिथे ते आदळलं तिथून तीस-चाळीस फुटांवर एक पोरगा शेळ्या चारत होता. त्याला काही झालं नाही. शेळ्या पळाल्या. पोरगा हसत होता, त्याला गंमत वाटली.

मित्र म्हणाला, “बॅटरी गेली बहुतेक. माझीच चूक, रात्री नीट चार्ज केली नव्हती.” मी त्याच्या शेजारी बसून तुकडे गोळा केले. आणि गप्प राहिलो.

त्यानंतर मी दोन-तीन रविवार गेलो नाही. मग मुलाची शाळा, मग फ्लॅटचं कर्ज, मग हे घर. कारणं काय, मिळतातच. लोक विचारायचे तेव्हा मी “वेळ मिळत नाही” म्हणायचो. वेळ होता.

आता २०२० मध्ये या. लॉकडाऊन. सगळी सोसायटी संध्याकाळी गच्चीवर. बी विंगमधल्या एका मुलाचा ड्रोन डी विंगच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरला. तक्रार आली. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. ‘आवारात व गच्चीवर ड्रोन, विमान इत्यादी उडवण्यास सक्त मनाई आहे’ ही नोटीस माझ्या सहीची आहे, आणि ती अजून बोर्डावर आहे. ती बरोबर आहे असं मी आजही म्हणतो. इमारती, तारा, माणसं यांच्या मधोमध ही वस्तू उडवायची नसते. पण तो मुलगा नोटीस वाचून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आजोबा, मग कुठे उडवायचं ते पण लिहा ना.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, माळ्यावर होतं.

खोकं उघडायला मला आणखी दोन वर्षं लागली. २०२२ मध्ये एकदाचं खाली काढलं. रबरबँड हात लावताच तुटले. जुन्या निकेल-कॅडमियमच्या सेलना पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आली होती. इंजिन फिरेना, कारण एरंडेल आत वाळून त्याचा डिंक झाला होता. सौ.च्या हेअर ड्रायरने तासभर गरम केलं, तेल सोडलं, तेव्हा टकटक करत फिरलं. पंख मात्र शाबूत. तो मुलगा पंखाला हात लावून म्हणाला, “हे तुम्ही हाताने केलंत?” मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग त्याने मला आजचं जग दाखवलं. आता विमानं बहुतेक फोमची, विजेच्या मोटरवर चालणारी. मी घेतलं ते किलोभराच्या आतलं आहे, लिथियम-पॉलिमर बॅटरीवर दहा-बारा मिनिटं उडतं. वास नाही, तेल नाही. मोडलं तर चिकटवून पंधरा मिनिटांत पुन्हा हवेत. आणि मुख्य म्हणजे आजचे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. प्रत्येक ट्रान्समीटरची आपल्या रिसीव्हरशी आधीच जोडी लावलेली असते, आणि दोघं मिळून सारखी फ्रीक्वेन्सी बदलत राहतात. शेजारी दहा जण उडवत असले तरी एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. चिमट्यांची फळी लागत नाही.

हे त्याने सहज सांगितलं. मी बराच वेळ काही बोललो नाही.

त्या रात्री मी मित्राला फोन केला. तो आता नाशिकला असतो. पंचवीस वर्षांत लग्नाकार्यात भेटलो होतो, पण हा विषय नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, “तुझं विमान मी पाडलं.” तो म्हणाला, “अरे, माहीत आहे मला. घरी जाऊन सेल मोजले होते, चांगले होते. कुणीतरी सेट लावला हे तेव्हाच कळलं. तू यायचा थांबलास तेव्हा कोण तेही कळलं.” मी विचारलं, “मग बोलला का नाहीस?” तर म्हणतो, “तू सांगशील म्हणून थांबलो होतो.” यावर काय बोलणार?

असो. आता फजितीचा भाग.

मला वाटलं होतं, सायकलसारखं असेल, एकदा आलं की विसरत नाही. मुलगा म्हणाला, आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर करा. मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी उडवतोय. पहिल्या सकाळी विमान सुरेख वर गेलं. दोन गोल मारले. तिसऱ्या वळणावर नाक खाली गेलं, उंची जेमतेम चाळीस फूट. मी डावी काठी मागे ओढली. विमान तसंच जाऊन बाभळीत घुसलं. मुलगा म्हणाला, “आजोबा, तुम्ही मोटर का बंद केलीत?”

झालं असं की माझ्या जुन्या सेटवर डाव्या काठीला एलेव्हेटर होता. काठी मागे ओढली की नाक वर. आज बहुतेक लोक वापरतात त्या मांडणीत डाव्या काठीला थ्रॉटल असतो, एलेव्हेटर उजवीकडे. मला हे माहीत होतं, निघण्यापूर्वी दोनदा घोकलंही होतं. पण घाबरल्यावर बोटांनी १९९७ सालची हालचाल केली. काहीच आठवलं नसतं तर विमान वाचलं असतं कदाचित. चुकीचं अगदी पक्कं आठवत होतं.

आजच्या सेटमध्ये मांडणी बदलता येते, दोन मिनिटांचं काम. मुलगा लगेच बदलून द्यायला तयार होता. पण मी अडचणीत आलो तर सेट त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याची बोटं नव्या मांडणीची. मग बदलायचं कुणी? मी दोन महिने रोज सकाळी सिम्युलेटरवर बसलो. किती विमानं पाडली त्याची गणती नाही. सौ. चहा ठेवताना विचारायच्या, “आज किती?”

दुसरी अडचण म्हणजे विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. यावर जुना उपाय आहे: जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या बाजूला काठी ढकलायची, पंखाला टेकू दिल्यासारखी. ही युक्ती मात्र मी त्याला शिकवली. तो आधी मनातल्या मनात विमानात बसून विचार करायचा, त्यात वेळ जायचा. काही विमानांत आता आपोआप सरळ करणारा जायरो येतो. सुरुवातीला तो असलेलाच बरा. मी घेतला नाही तो निव्वळ अहंकार.

पालक विचारतात म्हणून दोन गोष्टी नियमांच्या आणि काळजीच्या. ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर लाल, पिवळा, हिरवा असा नकाशा आहे, तो बघितल्याशिवाय जागा ठरवायची नाही. पुण्यात लोहगावला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए, त्यामुळे वाटेल तिथे उडवणं चालत नाही. हिरव्या भागातही सर्वसाधारणपणे ४०० फुटांच्या वर नाही. शिवाय पोलिसांचे त्या त्या वेळचे आदेश आणि जागेच्या मालकाची परवानगी. आणि बॅटरी! लिथियम बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली वापरायची नाही. मी मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करतो आणि समोर पेपर वाचत बसतो. सौ.ना वाटतं मी पेपर वाचतोय.

आता आम्ही पाच-सहा जण आहोत. शहराबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान आहे, पीक नसेल तेव्हा तो येऊ देतो. सकाळी साडेआठनंतर वारा सुटतो, त्याच्या आत आटपायचं. उन्हाळ्यात घारी येतात. घार पंख न हलवता जिथे गोल चढते तिथे गरम हवा वर जात असते, तिथे विमान नेलं की मोटर बंद करूनही ते तरंगतं. घारीला ते नेहमी आवडतंच असं नाही. एकदा तिने पंजा मारलेला फोमवर अजून दिसतो. पाठ दुखते, दुपारी झोप येते, पण दहा मिनिटं वर बघत असताना मला माझ्या गुडघ्यांची आठवण होत नाही.

गेल्या डिसेंबरात मित्र नाशिकहून आला. त्याला माळ्यावरचं विमानही दाखवलं. त्याचं इंजिन काढून त्याला देऊ केलं, भरपाई म्हणून. तो म्हणाला, “हे तुझंच राहू दे, माझ्याकडे माझं आहे.” सकाळी रानावर गेलो. मी विमान जमिनीवर ठेवलं, सेट हातात घेतला, बटणावर बोट ठेवलं. मागून आवाज आला, “चिमटा घेतलास का?”

मुलं आमच्याकडे बघत होती, हे दोघं म्हातारे एवढे का हसतायत म्हणून.

ज्यांना यायचंय त्यांनी येत्या रविवारी सकाळी पावणेसहाला मेन गेटपाशी थांबावं. गाडीत चार जागा आहेत. टोपी आणि पाण्याची बाटली आणा. डी विंगने कुरडयांची काळजी करू नये, ते ठिकाण इथून बरंच लांब आहे.