अर्ध्या मिनिटाचं अंतर



मिरजेत आमच्या मोहल्ल्यात पहाटे चारला जागी असणारी माणसं दोनच. एक बांग देणारे मुअज्जिनसाहेब आणि दुसरा पावाच्या भट्टीवरचा पोऱ्या. गेली काही वर्षं त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. तो तिसरा मी. फजरच्या नमाजला अवकाश असतो. अंथरुणातच मोबाइल कानाशी धरतो आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात चाललेल्या बेसबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन ऐकतो. आपल्याकडे पहाटेचे चार-साडेचार, तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ.

आता तुम्ही म्हणाल, कवीला ही कसली अवदसा आठवली? मी साधा मराठीचा बी.ए. आयुष्य कारकुनीत गेलं. जन्मात कधी बेसबॉलची बॅट हातात धरली नाही. पण ही गोष्ट खेळाची कमी आणि घरची जास्त आहे, म्हणून सांगतो.

२०२१ च्या करोनाच्या लाटेत माझी पत्नी गेली. पुढच्या वर्षी मुलगा शिकायला पिट्सबर्गला गेला. घरात बोलणारी तीच होती. आम्ही दोघे बापलेक तिच्यामार्फत एकमेकांशी बोलायचो. ती गेल्यावर आमचा फोन म्हणजे तार झाली. ‘‘जेवलास?’’ ‘‘हो.’’ ‘‘थंडी आहे?’’ ‘‘आहे.’’ ‘‘पैसे?’’ ‘‘आहेत.’’ ‘‘बरं, ठेवतो.’’ व्यासपीठावर तासभर बोलणारा मी, स्वतःच्या पोराशी मिनिटभर बोलू शकत नव्हतो.

एप्रिल २०२३ मध्ये एकदा तो आपणहून म्हणाला, ‘‘अब्बा, काल मॅच बघून आलो. आमची टीम जिंकली.’’ मी त्या ‘आमची’ शब्दाशी अडखळलो. परक्या मुलखात याला ‘आमचं’ म्हणायला काहीतरी सापडलं होतं. विचारलं, टीमचं नाव काय? म्हणाला, ‘पायरेट्स’. म्हणजे आपल्या मराठीत समुद्री चाचे! पुतण्यांचा चाचा तर मी आहेच. म्हटलं, मग आपल्याच जमातीचा संघ आहे.

त्याने मला मोबाइलवर रेडिओचं वर्णन कसं लावायचं ते शिकवलं. वर्षाची थोडी वर्गणी भरली, की अमेरिकेतल्या कुठल्याही संघाचं रेडिओवरचं वर्णन जगात कुठेही ऐकता येतं. पहिले आठ दिवस काही उमगलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की आपल्या क्रिकेटचाच हा चुलतभाऊ. गोलंदाजाला इथे पिचर म्हणतात आणि तो टप्पा न टाकता चेंडू फेकतो. तीन गडी बाद झाले की डाव उलटतो. असे नऊ डाव. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत पुढे खेळायचं. एका मोसमात एकेक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज. १६२ संध्याकाळी घरात एकच आवाज! तो आवाज मग निवेदकाचा राहत नाही, घरातल्या माणसाचा होतो. आमच्या पायरेट्सचे ग्रेग ब्राऊन १९९४ पासून बोलत आहेत. संघ जिंकला की ते चाच्यांचं काळं निशाण फडकवायला सांगतात आणि इकडे मिरजेत मी अंथरुणात उठून बसतो.

श्रोतेहो, योगायोग पाहा. बेसबॉल रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आला तो याच पिट्सबर्गमधून. तारीख ५ ऑगस्ट १९२१. केडीकेए हे तिथलं रेडिओ केंद्र. हॅरोल्ड आर्लिन नावाचा पंचविशीतला तरुण फोर्ब्ज फील्ड मैदानावर प्रेक्षकांत जाऊन बसला. टेलिफोनच्या यंत्रात फेरफार करून त्याचा मायक्रोफोन केलेला. त्यात तो बोलत राहिला. पायरेट्सनी फिलाडेल्फियाच्या संघाला ८-५ असं हरवलं. ते मैदान १९७० मध्ये बंद झालं, पण त्याच्या भिंतीचा एक भाग तिथल्या विद्यापीठाच्या आवारात अजून उभा आहे. माझा मुलगा रोज त्या भिंतीवरून जायचा. मी सांगेपर्यंत त्याला हे ठाऊक नव्हतं. बापाने मुलाला त्याच्याच गल्लीची माहिती मिरजेतून पुरवली! त्या दिवशी आमचा फोन वीस मिनिटं चालला.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. २६ ऑगस्ट १९३९ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला सामना दूरचित्रवाणीवर दिसला. सप्टेंबर १९९५ मध्ये सिअ‍ॅटल आणि न्यूयॉर्क यांच्या सामन्याचं वर्णन इंटरनेटवरून ऐकवलं गेलं. इंटरनेटवरच्या थेट प्रसारणाच्या पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. आणि २६ ऑगस्ट २००२ ला, म्हणजे बरोबर त्याच तारखेला ६३ वर्षांनी, मेजर लीग बेसबॉलने न्यूयॉर्क यांकीज आणि टेक्सास रेंजर्स यांचा सामना इंटरनेटवर चित्रासह दाखवला. आज आपण फोनवर आयपीएल बघतो, त्या रस्त्याची पहिली खडी बेसबॉलवाल्यांनी टाकली, असं म्हणायला हरकत नाही.

पण या प्रगतीत एक गंमत आहे. स्थानिक दूरचित्रवाणीने सामन्यांचे हक्क विकत घेतलेले असतात. त्यामुळे लीगच्या इंटरनेट सेवेवर घरच्या संघाचा सामना घरच्याच भागात दिसत नसे. २०२३ साली पिट्सबर्गमध्ये बसलेल्या मुलाला जो सामना त्या सेवेवर बंद, तो मिरजेत मला खुला! विहिरीशेजारच्याने तहानलेलं राहायचं आणि दुसऱ्या तालुक्यात पाट वाहायचा. आवाजाला मात्र ही बंदी नव्हती. रेडिओ त्यालाही होता आणि मलाही. म्हणून चित्राची सोय असूनही मी आवाजच निवडला. दोघांनी एकच गोष्ट ऐकायची, हा त्यातला करार.

खरं तर माझी मराठीही आवाजातूनच घडली आहे. आमच्या घरात दखनी बोलली जाते. मराठी शाळेत भेटली आणि त्याहून जास्त रेडिओवर. लहानपणी पानाच्या टपरीशी उभं राहून बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी वर्णन ऐकायचो. न पाहिलेलं मैदान ते शब्दांनी उभं करायचे. नुसता चौकार गेला म्हणून भागत नाही. चेंडू कुठून निघाला, कुणाच्या हाताखालून सुटला, कुठे थांबला, हे क्रमाने सांगावं लागतं. समोरच्याला दिसत नाही, हे ध्यानात ठेवून बोलणं ही मोठी माणुसकी आहे. कविता मी नंतर शिकलो. ही शिकवणी आधीची.

आता बेसबॉलमध्ये आकड्यांचा सुकाळ आहे. २०१५ पासून प्रत्येक मैदानावर यंत्रं बसली आहेत. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, किती अंशांत उडाला, सगळं क्षणात पडद्यावर येतं. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं. मैदानातल्या टप्प्यांवर धावपटू नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचाच. सामन्याची सरासरी वेळ तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. लोक खूश झाले आणि ते रास्तही आहे. पण दोन चेंडूंमधल्या रिकाम्या जागेत निवेदक जुन्या खेळाडूची एखादी आठवण सांगायचा, ती जागा आक्रसली. अशाच एका आठवणीतून मला रोबेर्तो क्लेमेंते भेटला.

क्लेमेंते प्वेर्तो रिकोचा. काळा आणि मातृभाषा स्पॅनिश. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं तो पायरेट्सकडून खेळला. त्याचं नाव रोबेर्तो, पण लोकांनी सोयीसाठी ‘बॉब’ करून टाकलं. खेळाडूंच्या चित्रांची कार्डं निघत, त्यांवरही बरीच वर्षं ‘बॉब’च छापलं जाई. वृत्तपत्रं त्याचं मोडकं इंग्रजी उच्चारासकट छापून हसं करायची. तो मात्र सांगत राहिला, माझं नाव रोबेर्तो आहे. मला हे फार जवळचं वाटलं. माझं नाव ऐकून ‘‘अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!’’ असं म्हणणारे भले लोक मला आजही भेटतात. त्यांच्या मनात वाईट नसतं. पण आपल्याच घरात पाहुणा म्हणून स्वागत झालं, की माणूस दारातच जरा थबकतो.

१९७१ मध्ये पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. क्लेमेंते त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. सामन्यानंतर दूरचित्रवाणीचा कॅमेरा समोर आला, सारा अमेरिका देश बघत होता. त्याने आधी स्पॅनिशमध्ये बोलण्याची परवानगी घेतली आणि आपल्या आई-वडिलांना उद्देशून चार वाक्यं बोलला. आयुष्यातल्या या मोठ्या दिवशी त्याने त्यांचे आशीर्वाद मागितले. पुढच्या वर्षी, १९७२ च्या ३१ डिसेंबरला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. आज पिट्सबर्गच्या मैदानाजवळच्या पुलाला त्याचं नाव आहे. रोबेर्तो क्लेमेंते. बॉब नव्हे.

ही गोष्ट मी मुलाला सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘अब्बा, इथे माझ्या नावाचंही असंच करतात. मी दुरुस्त करत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘करत जा.’’ एवढंच. पण इतकी आतली गोष्ट त्याने मला पहिल्यांदा सांगितली होती.

त्या वर्षी संघाने सुरुवातीला कमाल केली. पहिल्या २८ पैकी २० सामने जिंकले. पूर्वी याच संघाचा लाडका असलेला अँड्र्यू मकचेन पाच मोसम बाहेर घालवून परत आला होता. ११ जूनच्या रविवारी त्याला कारकिर्दीतला दोन हजारावा फटका पूर्ण करायचा होता. मुलगा मैदानात. आपल्याकडे रात्र. एका कानाला मुलाचा फोन, दुसऱ्या कानाशी सामन्याचं वर्णन. अचानक फोनमधून हजारो लोकांची आरोळी आली. मुलगा ओरडत होता, ‘‘अब्बा, झालं! झालं!’’ आणि माझ्या दुसऱ्या कानात मकचेन अजून बॅट घेऊन उभाच होता! इंटरनेटवरचा आवाज मागून येतो. सामना तुकड्यातुकड्यांनी साठवून, दुरून पाठवला जातो, म्हणून जवळपास अर्धा मिनिट उशीर होतो. मी म्हटलं, ‘‘थांब रे, माझ्याकडे अजून व्हायचंय.’’ तो हसला. आणि फोन न ठेवता माझ्याकडे ते होईपर्यंत थांबला. मग आम्ही तोच आनंद दुसऱ्यांदा केला.

पुढे संघ घसरला. मोसमाअखेर ७६ विजय आणि ८६ पराभव. सप्टेंबरमध्ये एका पहाटे सामना रंगात आला असताना आमच्याकडे परतीच्या पावसाने वीज गेली. इंटरनेट बंद. ग्रेग ब्राऊन वाक्याच्या मध्येच थांबले. अंधारात पडून राहिलो. पाच मिनिटांनी साधा फोन वाजला. ‘‘अब्बा, बत्ती गई क्या?’’ ‘‘गई.’’ ‘‘मग ऐका.’’

आणि तो स्वतः सांगू लागला. तिथे रेडिओ कानाशी धरून, इकडे मला. थोडी मराठी, थोडी दखनी, मध्ये इंग्रजी शब्द. ‘‘आता उंच मारलाय अब्बा... मागं, मागं, भिंतीपाशी पळतोय... पकडला! गया!’’ पंडितांची सफाई त्यात नव्हती. पण समोरच्याला दिसत नाही, हे ध्यानात ठेवून तो बोलत होता. डाव बदलताना म्हणाला, ‘‘अम्मी असती तर म्हणाली असती, बस करा आता, चहा घ्या.’’ दोन वर्षांत त्याच्या तोंडून मी ‘अम्मी’ हा शब्द ऐकला नव्हता. मी म्हटलं, ‘‘आणि तुला म्हणाली असती, अभ्यास कर.’’ मग पुढचा डाव सुरू झाला.

सामना आम्ही हरलो. बांग झाली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘ऐकू आली अब्बा, जा तुम्ही.’’ साध्या फोनला अर्ध्या मिनिटाचा उशीर नसतो. मिरजेची बांग पिट्सबर्गला त्याच क्षणी पोचली होती.

श्रोतेहो, यंत्रांना मी नावं ठेवणार नाही. ती नसती तर पिट्सबर्गचं मैदान माझ्या उशाशी आलंच नसतं. पण यंत्र आवाज पोचवतं, बोलावं आपल्यालाच लागतं. तुमचंही कुणी लांब असेल, आणि ‘जेवलास का’च्या पुढे गाडी जात नसेल, तर त्याला त्याच्या खिडकीतून काय दिसतं ते विचारा. सविस्तर सांग म्हणावं, मला इथून दिसत नाही.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)