खडूचा थर आणि गांडूळ



पहिल्या पावसानंतर शाळेच्या अंगणात गांडुळे वर आली की मुले त्यांना काडीने डिवचतात आणि गुरुजी मुलांना हाक मारून वर्गात बसवितात. 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य मुलांना पाठ असते व तेथेच विषय संपतो. त्या वाक्यामागे केवढी प्रतीक्षा आहे, ती पाहण्यासारखी आहे.

इंग्लंडमधील डाऊन या खेड्यात चार्लस डार्विन राहत असे. त्याने डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरविले. हा खडू म्हणजे फळ्यावरचा नव्हे, तर त्या प्रदेशात भूमीत सापडणारा मऊ पांढरा दगड. पुढे त्यावर गवत वाढले, खडू दिसेनासा झाला. नोव्हेंबर १८७१ मध्ये त्याच जागी चर खणला, तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची रेघ पृष्ठभागापासून ७ इंच खाली आढळली. गांडुळे खालची माती पोटातून वर आणून टाकीत होती आणि खडू गाडला जात होता. वर्षाला पाव इंचही नाही! खडू पसरणारा तेहतीस वर्षांचा होता. चर खणला तेव्हा तो बासष्टीत होता.

मधल्या काळात, १८६९ साली, फिश नावाच्या गृहस्थांनी त्याचे मत अमान्य केले होते. एवढ्याशा दुबळ्या जिवाकडून इतके मोठे कार्य होणे शक्य नाही, असा त्यांचा आक्षेप. थोडे थोडे परंतु अखंड चाललेले काम बेरजेत केवढे होते, हे मनुष्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

डार्विन तोवर जगद्विख्यात झालेला होता. असे असूनही उतारवयात तो कुंड्यांतील गांडुळांपुढे बसे. त्यांना ऐकू येते काय, हे पाहण्यासाठी घरातील वाद्ये वाजविली जात. गांडुळे बिळात पाने कोणत्या टोकाने ओढतात, हे जाणण्यासाठी त्याने कागदाचे ३०३ त्रिकोण कापून ठेवले. शंभरांत सुमारे ६२ त्रिकोण निमुळत्या टोकाने ओढलेले निघाले. हा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढच्याच एप्रिलमध्ये डार्विन निवर्तला. त्याची धर्मश्रद्धा आयुष्यात पुढे मावळली होती, हे सर्वश्रुत आहे. तथापि दिसत नसलेले काम भूमीखाली चालू आहे, या विश्वासावर एकोणतीस वर्षे थांबणे, यालाही श्रद्धाच म्हणावे लागेल.

आता शाळेकडे वळू. चौथीतील एखाद्या मुलास मार्चअखेर जोडाक्षरे वाचता येत नाहीत. तक्त्यात 'अप्रगत' असा शेरा पडतो, घरी तो कळतो आणि पुढल्या हंगामात ते मूल गुरांमागे दिसू लागते. त्या मुलात वर्षभर काय हालचाल झाली, हे तक्ता सांगत नाही. मात्र 'येईल हळूहळू' असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्या शिक्षकाने डार्विनचा आधार घेऊ नये. त्याने दिनांक लिहून ठेवला होता आणि इंच मोजले होते. जून महिन्यात मुलाला किती अक्षरे येत होती याची नोंदच नसेल, तर त्या थांबण्यास धीर म्हणता येणार नाही. तो केवळ आळस होय.

हा प्रयोग शाळेच्या बागेतही करता येईल. सावलीच्या, ओलसर कोपऱ्यात हातभर जागेवर विटांचा चुरा पसरावा. इंग्लंडच्या कुरणातील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात व चुरा त्यांतूनही खाली जातो, हे मुलांना आधीच सांगावे. जागा, दिनांक व पसरणाऱ्या मुलांची नावे नोंदवहीत लिहावीत. पसरणारा शिक्षक खणण्याच्या वेळी त्या गावी नसणार, बदली ही ठरलेलीच. म्हणून कार्यभार सोपविताना फळा, घंटा, नकाशे यांच्या यादीत त्या कोपऱ्याचीही एक ओळ असावी.