तरुणपणीचा पक्षाघात आणि हृदयाचा स्नायू

तिशीतल्या माणसाचं तोंड अचानक वाकडं होतं, हात लुळा पडतो, तेव्हा घरचे ताणाला नि जागरणाला दोष देतात. अशा वेळी तातडीनं रुग्णालय गाठायचं, हे पहिलं. तिथं रक्तदाब, साखर, तंबाखू यांची चौकशी होते, ती व्हायलाच हवी. पण त्यात काही सापडलं नाही, तर शोध थांबता कामा नये. मेंदूत अडकलेली गुठळी हृदयातून आलेली असू शकते, आणि क्वचित तिचं मूळ हृदयाच्या स्नायूच्या घडणीत असतं. गर्भात सुरुवातीला हा स्नायू स्पंजासारखा जाळीदार असतो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात तो घट्ट होत जातो. काहींच्या खालच्या डाव्या कप्प्यात मात्र आतला थर जाळीदारच दिसतो. हृदयाचा जोर कमी पडला, की त्या खाचांत रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. 1990 साली अमेरिकेत अशा आठ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या तिघांच्या शरीरात गुठळ्या पसरल्या होत्या.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी पक्षाघात झालेल्या प्रत्येक तरुणाच्या हृदयाची इको तपासणी कशाला, असं कुणी विचारेल. पण इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र घेणं, ही काही केवळ याच आजाराची तपासणी नव्हे. झडपा, कप्पे, हृदयाचा जोर हे सारं त्यात दिसतं. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. शिवाय निदानानं औषध बदलतं. एरवी बहुधा ॲस्पिरिन देतात. हृदयात गुठळी सापडली, तर वॉरफरिनसारखं रक्त गोठू न देणारं औषध आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी नियमित आयएनआर तपासणी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आतला जाळीदार थर बाहेरच्या घट्ट थराच्या दुपटीहून जाड असला, की हा आजार मानावा, असा निकष 2001 साली मांडला गेला. पण तशी जाळी निरोगी खेळाडूंत आणि गर्भवतींतही दिसते. म्हणून नुसत्या चित्रावरून कुणालाही हृदयरोगी ठरवू नये. हृदयाचा जोर, ठोक्यांची लय आणि घराण्यातला इतिहास जोडीला पाहावा. मात्र हा आक्षेप इको नीट वाचायला सांगतो, ती टाळायला नव्हे. तेव्हा तरुण रुग्णाला घरी नेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा: गुठळी कुठून आली? आणि निदान पक्कं झालं, तर भावंडांची नि मुलांचीही तपासणी करून घ्या, कारण हा दोष अनेकदा आनुवंशिक असतो.