नेमाची भेट

(संस्थानाच्या सभामंडपात माहेरवाशिणींच्या मेळाव्यात झालेले भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



विश्वस्तांनी मला दोन प्रश्नांवर बोलायला सांगितले आहे. बँकेतली चांगली नोकरी सोडून हिने समाजकार्य का धरले, हा पहिला. परक्या शहरात हिला आपली माणसे कशी मिळाली, हा दुसरा. माझ्यापुरते सांगायचे तर दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. म्हणून आधी त्या ठिकाणाची ओळख करून देते.

सिंगापूरमध्ये मी क्वीन्सटाउन नावाच्या भागात राहते. 1953 साली राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, तेव्हा या वस्तीला हे नाव मिळाले. आपल्याकडे म्हाडा आहे तसे तिथे गृहनिर्माण मंडळ आहे. ते 1960 साली स्थापन झाले आणि आधीच्या ट्रस्टने सुरू केलेली ही वसाहत त्याने पुढे वाढवली. साध्या झोपड्यांतून, दाटीवाटीच्या चाळींतून आलेल्या कुटुंबांना इथे नळाचे पाणी, वीज आणि पक्के घर मिळाले. तेव्हा तरणीताठी असलेली ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. मुले दुसऱ्या भागांत राहायला गेली. नवरा-बायकोपैकी एक जण गेला. मागे राहिले एक घर, एक माणूस आणि एक दूरदर्शन संच.

हे ऐकून तुम्हाला आपल्याच वाडीतली घरे आठवली असतील. मलाही तीच आठवत होती.

2009 साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तिकडे गेलो. मलाही एका बँकेत हिशेबाचे काम मिळाले. पैशाची ददात नव्हती. गणपतीत मराठी मंडळी भेटत, आरत्या होत, मोदक होत. पण तो उत्सव. एरवी मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आल्यावर दार वाजवायला कोणी नसे. ज्या मजल्यावर राहत होतो, तिथल्या कोणाचे नाव मला माहीत नव्हते आणि त्यांना माझे.

आमच्या जवळ कॉमनवेल्थ ड्राइव्हवर मुनीश्वराचे देऊळ आहे. रेल्वेत काम करणाऱ्या भारतीय मजुरांच्या छोट्या देवस्थानातून ते वाढले. मलायाकडे जाणारी ती रेल्वे 2011 साली तिथून बंद झाली, देऊळ मात्र नांदते आहे. मला तमिळ येत नाही, पण आरती, कापूर आणि प्रसाद समजायला भाषा लागत नाही. मी जाऊ लागले, प्रसाद वाढायला उभी राहू लागले. तिथल्याच एका ताईंनी एकदा विचारले, "शनिवारी दोन तास देशील का? एका आजींकडे जायचे आहे." मी हो म्हटले.

त्या आजी चिनी, होक्किएन बोलणाऱ्या. मला ती भाषा ठाऊक नाही, त्यांना इंग्रजी ठाऊक नाही. पहिल्या शनिवारी आम्ही दोघी अर्धा तास एकमेकींकडे बघून हसलो. ताईंनी मला एक वाक्य शिकवले होते, "जिया पा बुए?" म्हणजे, पोटभर जेवलात का? तिथले मलय लोकही भेटल्यावर "सुदाह माकान?" म्हणतात. अर्थ तोच. आपल्या कोकणात वाटेत भेटलेला माणूस हेच विचारतो. समुद्र ओलांडून गेले आणि कानावर "जेवलात का?" पडले, तेव्हा जरा हायसे वाटले.

चौथ्या शनिवारी मी गेले तर दार आधीच उघडे होते आणि टेबलावर दोन कप मांडलेले होते. मी काही नेले नव्हते. मी येणार, एवढेच त्यांना ठाऊक होते. मंडळी, माझ्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ त्या दोन कपांत आहे.

पाच-सहा वर्षे मी शनिवार सांभाळले. मग मनाने घेतले, की हे काम नीट शिकायचे. 2018 साली सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ सोशल सायन्सेसमध्ये पदवीधरांसाठी असलेला समाजकार्याचा अभ्यासक्रम घेतला. दिवसा नोकरी, संध्याकाळी क्लेमेंटीला वर्ग. वय चाळीसच्या आसपास. सासूबाईंनी काळजीने विचारले, "एवढे शिकून आता म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजणार का?" खरे सांगायचे तर गोळ्याही मोजाव्या लागतात. पगार पुष्कळ कमी झाला. घरात बसून वहीवर जमाखर्च मांडला, मुलाच्या शिक्षणाचे बाजूला काढले, गाडी घेण्याचा विचार सोडला, आणि मगच राजीनामा दिला. असा बदल करू पाहणाऱ्या तरुण मुला-मुलींना मी सांगते, आधी वर्षभर आठवड्यातून एकदा ते काम करून पाहा. मन टिकले तर शिका. शिकल्यावर नोकरी बदला.

"सेवेला शिक्षण कशाला, मन हवे," असे पुष्कळ जण म्हणतात. मन हवेच. पण एक उदाहरण सांगते. एका आजोबांच्या घरी तांदळाच्या तीन पिशव्या होत्या. तीन वेगवेगळ्या मंडळांनी श्रद्धेने दिलेल्या. आजोबांना मधुमेह, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलेला. हाताला कंप असल्याने पिशवीची गाठही सुटत नव्हती. आणि न्हाणीघरातला दिवा महिनाभर गेलेला होता. अंधारात पाय घसरून हाड मोडले असते. तीन मंडळे आली, पण "तुम्हाला काय हवे?" हे कोणी विचारले नव्हते. शिक्षण एवढ्यासाठी लागते. आधी विचारणे, मग ऐकणे, लिहून ठेवणे, ज्याला जे स्वतः करता येते ते त्याला करू देणे, आणि त्याच्या घरातली गोष्ट बाहेर न बोलणे.

ही विद्या परदेशातली आहे असे समजू नका. समाजकार्याचे शिक्षण सिंगापूरच्या विद्यापीठात 1952 साली सुरू झाले. आपल्या मुंबईत नागपाड्याला ते 1936 सालीच सुरू झाले होते. आज त्या संस्थेला आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो. आणि त्याच्याही आधी, आपल्या कोकणातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी होते. ते शिक्षक होते. ती वाट सोडून 1909 साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि 1911 साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. त्या कामगारांत आपल्या गावचे किती असतील! आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबईत गाव कसे उभे केले? ग्रामस्थ मंडळाची एक खोली, भिंतीवर गावदेवीची तसबीर, पाळीने झोपणारी वीस माणसे आणि दुपारी डबा देणारी खानावळवाली. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. परक्या शहरात ज्याच्या ताटाची कोणी वाट पाहते, तो तिथला होतो. माझ्याही बाबतीत तेच झाले. फरक एवढाच, की माझी वाट पाहणारी आजी चिनी होती.

आता क्वीन्सटाउनमधली आणखी एक गोष्ट. तिथे टँग्लिन हॉल्ट नावाची जुनी वस्ती आहे. 2014 साली सरकारने तिथल्या 31 इमारतींच्या पुनर्विकासाची घोषणा केली. रहिवाशांना जवळच डॉसन भागात नव्या उंच इमारतींत घरे मिळाली. घरे चांगली आहेत. शेजाऱ्यांना एकत्र अर्ज करून जवळजवळ घरे निवडण्याची सोयही होती. तरीही पन्नास वर्षांची घडी थोडीफार विस्कटतेच. एका आजींनी मला सांगितले, "पूर्वी माझा दरवाजा सकाळी उघडला नाही तर समोरची धावत यायची. आता समोर कोण राहते ठाऊक नाही." मुंबईत बीडीडी चाळींतून टॉवरमध्ये जाणाऱ्या आपल्या माणसांनाही हे कळेल. घर बांधून देता येते. शेजार मात्र रोजच्या ये-जा करण्याने पुन्हा घडवावा लागतो. आमचे बरेचसे काम तेच असते. खालच्या मोकळ्या जागेत चहा, एकत्र व्यायाम, आणि जो येत नाही त्याच्या दारावर थाप.

2020 साली साथीच्या काळात भेटी बंद झाल्या, तेव्हा आम्ही फोन धरला. एका आजोबांना रोज सकाळी दहाला फोन. बोलणे दोन मिनिटांचे. पण साडेनऊपासून ते फोनजवळ बसत.

कायदाही आहे. आई-वडिलांच्या पोषणाचा कायदा सिंगापूरने 1995 साली केला, आपल्या देशाने 2007 साली. कायद्याने निर्वाहाचे पैसे मिळवून देता येतात. दार वाजवायला माणूस लागतो.

आणि आता जे सांगायला मी आज उभी आहे ते. एका तमिळ पाटींकडे, म्हणजे आजींकडे, मी दर बुधवारी जाते. एका बुधवारी त्यांनी माझा हात धरून विचारले, "तू माझ्याकडे येतेस. तुझ्या आईकडे कोण जाते?"

माझी आई याच गावात एकटी राहते, हे तुम्हाला माहीत आहे. वय 78. मला त्या प्रश्नाने रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा आईने सहज सांगितले, की खालच्या वाडीतली ताई रोज तिन्हीसांजेला येते, देवापाशी दिवा लावते, दहा मिनिटे बसते आणि गोळी घेतली का ते विचारून जाते. ती ताई आज इथे बसली आहे. तिचे नाव घेतलेले तिला आवडणार नाही. मी पगार घेऊन जे काम करते, ते ती न शिकता, न सांगता करते आहे. तिला सर्वांसमक्ष नमस्कार करते.

पण सगळ्यांच्या शेजारी अशी ताई नाही. आपल्याकडे गणपतीत चाकरमानी येतात, शिमग्याला पालखी नाचते, घर भरते. पंधरा दिवसांत सगळे परततात आणि म्हाताऱ्या माणसांचे उरलेले दहा-अकरा महिने तसेच. मंडळी, आपल्या देवाची पूजा आपण फक्त जत्रेच्या दिवशी करतो का? पाऊस असो, गुरुजींना ताप असो, दिवा रोज लागतो. उत्सवाने देवळाची शोभा वाढते, पण देऊळ जागे राहते ते नित्यपूजेने. माणसाचेही तसेच आहे. वर्षातून एकदा दिलेल्या साडीपेक्षा ठरल्या वारी, ठरल्या वेळी येणारे पाऊल त्याला जगवते.

म्हणून संस्थानाने घरभेटीचे काम सुरू करावे अशी मी विनंती केली, आणि विश्वस्तांनी ती मान्य केली याबद्दल त्यांचे आभार. नियम साधे आहेत. एका माणसाने एकच घर घ्यावे. वार आणि वेळ ठरवावी, आणि येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. बसावे, ऐकावे, उपदेश करू नये. पैसे, दागिने, पासबुक हाताळू नये. घरातले बोलणे घरातच ठेवावे. जे शब्द पाळता येणार नाहीत ते देऊ नयेत.

भेटीत काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. गोळ्या संपल्या आहेत का? चष्मा फुटला आहे का? न्हाणीघरात दिवा आणि धरायला दांडी आहे का? निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला का? निराधार असतील तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, 65 वर्षांवरील गरजूंसाठी श्रावणबाळ योजना, यांचा अर्ज तहसील कार्यालयात झाला का? अडचण मोठी असेल, घरात त्रास दिला जात असेल, तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मोफत क्रमांक आहे. तो प्रत्येक घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

ज्यांना वेळ देणे शक्य नाही, मुंबई-पुण्यात किंवा माझ्यासारखे दूर आहेत, त्यांनी संस्थानाच्या वैद्यकीय मदत निधीला हात लावावा. त्यातून चष्मे, श्रवणयंत्रे, काठ्या आणि कमोडच्या खुर्च्या घ्यायच्या आहेत. पावती अवश्य घ्यावी. आणि पैसे पाठवले तरी आपल्या आई-वडिलांना फोनची एक वेळ ठरवून द्यावी. रोज नको, पण ठरलेली.

भाषणानंतर कार्यालयात वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: तुमचे नाव, घर, वार. पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले आहे. इथे आहे तोवर दोन आठवडे रोज जाईन, आणि परतल्यावर त्या घरी दर रविवारी सकाळी नऊला माझा फोन येईल. दुसरी ओळ रिकामी आहे.